किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला नागीण: पट्ट्याबाहेर फोड दिसले की थांबायचं नाही

ताई, पुढच्या आठवड्यातल्या तारखेची वाट बघू नका. वडिलांना आजच, ट्रान्सप्लांट जिथे झालं त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. निघण्याआधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा आणि एवढंच सांगा: "नागीण झाली आहे आणि पट्ट्याबाहेर फोड उठताहेत." पुढचं ते समजून घेतील. बाकीचं उत्तर गाडीत बसल्यावर वाचलंत तरी चालेल.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, आठ महिन्यांपूर्वी किडनी बदललेली. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. छातीत उजवीकडे जळजळ सुरू झाली, ईसीजी नॉर्मल आला, मग त्याच जागी पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. आत्यांनी नागीण ओळखून दूर्वा-तांदळाचा लेप लावला. मेडिकलवाल्याने असायक्लोव्हिरचं मलम आणि ठणक्यासाठी डायक्लोफिनॅक दिलं. कालपासून पोटावर, मांडीवर आणि कपाळावर सुटे फोड दिसताहेत. शिवाय हाताच्या बोटांवर महिनाभरात बऱ्याच चामखिळी आल्यात, त्यांचा याच्याशी संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. घरात आई आहे आणि वहिनी गरोदर आहेत.

आत्यांचं निदान अगदी बरोबर आहे. नागीण ओळखण्यात आपल्याकडच्या बायकांची नजर पक्की असते. एकाच बाजूला पट्टा, लालसर जागेवर घोसाने उठलेले फोड आणि आधी दोन-चार दिवस आग, एवढं असलं की फार शंका घ्यायला जागा राहत नाही. मी माझ्या ओपीडीतही बहुतेक वेळा तपासणीशिवाय, नुसतं बघूनच निदान करतो. गडबड होते ती पुढे. नागिणीच्या दोन टोकांची गाठ पडली की माणूस दगावतो, अशी भीती घराघरात आहे. त्यामुळे सगळे रोज पट्टा कुठवर आला ते बघत बसतात. दोन टोकं जुळल्यामुळे कोणी दगावत नाही. आणि ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याच्यात बघायचं असतं ते पट्ट्यापासून लांब, दुसऱ्याच जागी उठलेले सुटे फोड. तुम्ही नेमके तेच हेरलेत, म्हणून हे उत्तर इतक्या घाईने लिहितोय.

असं का होतं ते सांगतो. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण तो विषाणू अंगातून जात नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना संवेदनेच्या नसांच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याला तिथे दाबून ठेवण्याचं काम रक्तातल्या टी पेशींचं. वय वाढलं, कॅन्सरची केमोथेरपी झाली, एचआयव्हीने त्या पेशी कमी केल्या किंवा नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आपणच त्यांना गोळ्यांनी थोपवलं, की पहारा ढिला पडतो. मग विषाणू एका नसेतून कातडीपर्यंत उतरतो. नस बरगडीच्या कडेकडेने पाठीकडून छातीकडे येते आणि मध्यरेषेवर संपते, म्हणून फोडांचा पट्टाही तिथेच थांबतो. फोड येण्याआधीची छातीतली आग ही त्या नसेची सूज. हार्ट अटॅक समजून ईसीजी काढणं यात काही चुकलं नाही, या वयात तो काढायलाच हवा.

धडधाकट माणसात टी पेशी काही दिवसांत जाग्या होतात आणि विषाणूला त्या पट्ट्यातच कोंडतात. तुमच्या वडिलांच्या अंगात हे होत नाहीये. विषाणू रक्तात उतरून अंगभर पसरतोय, म्हणून कांजिण्यांसारखे सुटे फोड. पट्ट्याच्या आजूबाजूला चार-दोन फोड निरोगी माणसालाही येतात, त्याने घाबरायचं नसतं. पण पट्टा आणि त्याला लागून असलेला भाग सोडून बाहेर वीसपेक्षा जास्त फोड झाले, तर आम्ही तिला पसरलेली नागीण म्हणतो. वडिलांचे वीस झालेत का, हे मोजत बसायची गरज नाही. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये पोटावर, मांडीवर आणि कपाळावर असे तीन लांबलांबच्या जागी फोड दिसले, एवढं पुरे आहे. कातडीवरचे फोड हा या आजाराचा दिसणारा भाग. तोच विषाणू फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, यकृतात गेला तर एंझाइम वाढतात, मेंदूत गेला तर माणूस बरळायला लागतो. धाप, असह्य पोटदुखी, गुंगी, तोल जाणं, यातलं काहीही असेल तर कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या पहिलं तेच सांगा.

कपाळावरच्या फोडांचं वेगळं सांगतो. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आहे का, ते आत्ता बघा. नाकाच्या टोकाला आणि डोळ्याच्या बुबुळाला जाणारी नस एकाच फांदीची आहे, त्यामुळे तिथला फोड म्हणजे डोळ्याला धोका. डोळा लाल असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघायला हवं. कानात फोड आणि चेहरा एका बाजूला वाकडा, हेही तितकंच तातडीचं.

आता उपचार. मलम बंद करा. असायक्लोव्हिरचं मलम नागिणीत निरुपयोगी आहे, कारण विषाणू नसेत आणि रक्तात आहे आणि मलम कातडीच्या वरच्या थरापलीकडे फारसं जात नाही. लेपही बंद. दूर्वांशी माझं वैर नाही, पण फुटलेल्या फोडावर ओला लेप वाळून चिकटला की खाली जंतू वाढतात, आणि वडिलांच्या बाबतीत तोही संसर्ग साधा राहणार नाही. साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, अलगद टिपून कोरडं करा, सैल सुती सदरा घाला. फोड फोडू नका.

हॉस्पिटलमध्ये त्यांना बहुधा शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करतील. नेहमीचा डोस किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, आणि प्रत्येक सलाइन तासभर तरी चालवून. वडिलांच्या बाबतीत तो डोस क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्ताचा आकडा, बघून ठरेल. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं. पाणी कमी पडलं किंवा औषध भराभर दिलं तर त्याचे स्फटिक किडनीच्या नळ्यांमध्ये साचतात. डोस किडनीच्या मानाने जास्त झाला तर माणूस गोंधळतो, नसलेल्या गोष्टी दिसतात असं म्हणतो, हातपाय झटकतो, आणि मग नागीण मेंदूत गेली की औषध चढलं हा प्रश्न पडतो. म्हणूनच घरी परस्पर गोळ्या सुरू करू नका असं सांगतोय. निरोगी माणसाला आम्ही व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस देतो. तुमच्या ओळखीत कोणाला ती चिठ्ठी मिळाली असेल, तर तोच डोस वडिलांना चालत नाही. नवे फोड येणं थांबलं आणि तब्येत सुधारली की शिरेतलं औषध बंद करून गोळ्यांवर आणतात, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्या चालवतात.

"फोड येऊन ७२ तास उलटले, आता औषधाचा उपयोग नाही," असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. ती मर्यादा धडधाकट माणसासाठी, आणि तीही ढोबळ. ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे आणि ज्याला अजून नवे फोड येताहेत, त्याला पाचव्या दिवशीही औषध द्यायचं, आठव्या दिवशीही द्यायचं.

एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. असायक्लोव्हिर अमेरिकेतल्या ज्या बरोज वेलकम कंपनीतून आलं, तिथेच गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी अझाथायोप्रिन हे किडनी ट्रान्सप्लांट शक्य करणारं सुरुवातीचं औषध शोधलं होतं. दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं. एक औषध प्रतिकारशक्ती दाबणारं, दुसरं त्या दाबलेल्या अवस्थेत डोकं वर काढणाऱ्या विषाणूला आवरणारं. असायक्लोव्हिरची करामत अशी की ते विषाणूच्याच एका एंझाइमने चालू होतं, म्हणून विषाणू शिरलेल्या पेशीतच त्याचं काम चालतं आणि बाकीचं शरीर बरंचसं वाचतं. हे औषध आज जेनेरिक मिळतं आणि सरकारी रुग्णालयातही असतं. पसरलेल्या नागिणीने माणूस गेला असं ऐकलं की वाईट याचंच वाटतं, की औषध होतं आणि पोचायला उशीर झाला.

डायक्लोफिनॅक मात्र ताबडतोब थांबवा. तुमच्या सगळ्या मजकुरात फोडांच्या खालोखाल मला याच गोळीची धास्ती वाटली. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, असिक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या किडनीतला रक्तपुरवठा कमी करतात. टॅक्रोलिमसही तेच करतं, आणि त्यात शिरेतून असायक्लोव्हिर सुरू होणार. एकाच किडनीवर तिघांचा भार नको. किती गोळ्या पोटात गेल्या ते डॉक्टरांना नक्की सांगा, लपवू नका. ठणक्यासाठी आत्ता पॅरासिटामॉल चालेल. नसेच्या दुखण्यावर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात, पण तीही किडनीच्या मानाने कमी डोसमध्ये. नसेचं दुखणं म्हणून कोणी कार्बामॅझेपिन लिहून दिलं तर तिथेच थांबवून टॅक्रोलिमस चालू असल्याचं सांगा. ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी खाली आणतं, आणि पातळी घसरली की शरीर किडनी नाकारू शकतं.

त्याच कारणासाठी, संसर्ग झालाय म्हणून ट्रान्सप्लांटच्या गोळ्या स्वतः बंद करू नका. मायकोफेनोलेट काही दिवस कमी करायचं की थांबवायचं हा निर्णय बहुधा घेतला जाईल, पण तो नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा. आणि "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणून जो तो गुळवेलीचा काढा सुचवेल, त्याला हात जोडून नाही म्हणा. वडिलांची प्रतिकारशक्ती आपण ठरवून कमी केली आहे, ती वाढवली तर तिचा पहिला वार नव्या किडनीवर होईल. शिवाय गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे पेशंट मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली नोंदवले आहेत.

आठव्या महिन्यातच हे का झालं, असंही तुम्हाला वाटत असेल. ट्रान्सप्लांटनंतर पहिले तीन ते सहा महिने बहुतेकांना व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर देतात. ते असतं सीएमव्ही नावाच्या दुसऱ्या विषाणूसाठी, पण त्याच छत्राखाली नागिणीचा विषाणूही दबून राहतो. ती गोळी संपली की पुढच्या काही महिन्यांत नागीण दिसण्याचं प्रमाण वाढतं. जुनी चिठ्ठी काढून बघा, ही गोळी कधी बंद झाली ते सापडेल. तुमच्याकडून काही हयगय झाली म्हणून हे झालेलं नाही.

निदानाबद्दल कोणाला शंका वाटली तर एक साधी तपासणी आहे, झँक स्मिअर. ताजा, न फुटलेला फोड निवडायचा, ब्लेडने त्याचं छत अलगद उचलायचं, आतलं पाणी टिपून घ्यायचं आणि तळ हलक्या हाताने खरवडायचा. तो खरवड काचेवर पसरून, वाळवून, जिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकमेकींत विरघळून मोठ्या झालेल्या पेशी दिसतात. एका पेशीत पाच-पाच, सात-सात केंद्रकं, दाटीवाटीने एकमेकांना दाबून बसलेली. अर्ध्या तासात उत्तर मिळतं आणि खर्च नगण्य. मात्र नागीण आणि साधी हर्पिस यांतला फरक यातून कळत नाही, त्यासाठी पीसीआर लागतं. कमी प्रतिकारशक्तीच्या माणसात हा फरक कधीकधी महत्त्वाचा ठरतो, कारण यांच्यात कुठलाच आजार पुस्तकातल्या चित्रासारखा वागत नाही.

साध्या हर्पिसचंच बघा. तापानंतर ओठाच्या कडेला दोन-तीन फोड येतात आणि आठवड्यात वाळतात, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. एचआयव्ही बळावलेल्या किंवा केमो चाललेल्या माणसात त्याचीच खोल, पसरत जाणारी जखम होते, बहुतेकदा गुप्तांगाजवळ किंवा गुदद्वाराशी. पेशंट लाजेपोटी महिनोन् महिने मूळव्याध समजून मलमं लावत राहतो. महिन्याहून जास्त टिकलेली हर्पिसची जखम ही एचआयव्हीच्या शेवटच्या टप्प्याची खूण मानतात. अशा जखमेवर असायक्लोव्हिर लागू पडत नसेल तर ज्या एंझाइमने हे औषध चालू होतं, ते विषाणूने टाकूनच दिलेलं असू शकतं, आणि मग वेगळं औषध लागतं.

मोलस्कम या विषाणूच्या दाण्यांचंही तसंच. लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मधे खळगा असलेले दाणे येतात आणि आपोआप जातात. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर तसे दाणे शेकड्याने आले, काही बोराएवढे झाले, तर मी आधी एचआयव्हीची तपासणी करतो. आणि एचआयव्ही असलेल्या पेशंटला तसे दाणे असून सोबत ताप, डोकेदुखी असेल, तर मोलस्कम म्हणून सोडून देत नाही, तुकडा तपासायला पाठवतो. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कातडीवर हुबेहूब तसेच दाणे उठवते आणि ती मेंदूच्या आवरणात शिरलेली असू शकते. मणिपूरसारख्या ईशान्येकडच्या भागातला पेशंट असेल तर टॅलारोमायसिस ही दुसरी बुरशीही डोक्यात ठेवावी लागते.

तुमच्या प्रश्नात नसलेलं पण इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचं: ट्रान्सप्लांट नाही, केमो नाही, स्टिरॉइड नाही, वय तिशी-पस्तिशीचं, आणि नागीण झाली, तर एकदा एचआयव्ही तपासून घ्या. बहुतेकांची निगेटिव्ह येते. पॉझिटिव्ह आलीच तर फार लवकर कळलं असं समजा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, ही तपासणी मोफत होते, तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि गुप्त राहते. एचआयव्हीवरची एआरटी औषधं २००४ पासून मोफत आहेत. १०९७ या हेल्पलाइनवर माहितीही मिळते. आणि ज्यांना सांधेदुखीसाठी टोफॅसिटिनिब, किंवा दिवसाला २० मिलिग्रॅम वा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू आहे, त्यांनी स्वतःला धडधाकट धरू नये, नागिणीच्या बाबतीत तुमच्या वडिलांच्याच रांगेत धरावं.

चामखिळींचं उत्तर आता देतो. त्यांचा विषाणू वेगळा, एचपीव्ही. नागिणीशी थेट संबंध नाही, पण दोन्हीला वाव मिळाला तो एकाच कारणाने. त्या तातडीच्या नाहीत. नागीण पूर्ण बरी झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाळणं-कापणं शक्यतो टाळून सॅलिसिलिक अॅसिड किंवा क्रायोने (चामखीळ गोठवून) सुरुवात करतात, कारण स्टिरॉइड चालू असताना जखम भरायला वेळ लागतो. घोड्याचा केस बांधणं, चुना लावणं, ब्लेडने खरडणं नको, रक्त येतं आणि चामखिळी आजूबाजूला पसरतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा येतील, याची मानसिक तयारी ठेवा. एखादी चामखीळ भराभर वाढली, दुखायला लागली, तिच्यातून रक्त यायला लागलं किंवा तिचा बुडखा कडक लागला, तर मात्र तुकडा तपासायलाच हवा. ट्रान्सप्लांट झालेल्यांत कातडीचा कॅन्सर जास्त होतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो फार, आपल्यात बराच कमी, पण वर्षातून एकदा ओठांपासून तळव्यांपर्यंत आणि गुप्तांगासकट तपासून घ्यायची सवय लावलेली बरी. उन्हात जाताना टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा.

आता वहिनी. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण लागत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. पसरलेल्या नागिणीत हवेतूनही. गरोदरपणातल्या कांजिण्या आई आणि बाळ दोघांनाही त्रासदायक ठरू शकतात. वहिनींना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या असं त्यांच्या आईला नक्की आठवत असेल तर काळजीचं कारण नाही. आठवत नसेल तर त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आजच कळवा. रक्तातली अँटिबॉडी बघून, गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देता येतं, पण ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तोवर त्यांनी वेगळ्या खोलीत राहावं. वडिलांचे टॉवेल, चादरी वेगळ्या ठेवा आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत हे पाळा. हॉस्पिटलमध्ये वेगळी खोली दिली तर त्याचं कारणही हेच आहे, शेजारच्या खाटेवर केमोचा पेशंट असू शकतो.

बरं झाल्यावरही ठणका राहू शकतो. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर "होईल कमी" म्हणून सोसत बसू नका, त्यावर वेगळी औषधं आहेत आणि ती वेळेवर सुरू केलेली बरी.

लसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हे सांगायला हवं. शिंग्रिक्स ही नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही देता येते. दोन डोस लागतात, एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, अशा पेशंटना एक ते दोन महिन्यांनीही. महाग आहे, हे खरं. हा आजार पूर्ण ओसरला आणि ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांचे डोस स्थिरावले की नेफ्रॉलॉजिस्टना वडिलांसाठी विचारा, आणि आईचं वय पन्नाशीपुढे असेल तर त्यांच्यासाठीही. कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूची आहे, ती वडिलांना कोणी सुचवली तर घेऊ नका.

निघताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं, शेवटचा क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमस लेव्हलचा रिपोर्ट, आणि छाती, पोट, मांडी, कपाळ यांचे कालचे आणि आजचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. संध्याकाळची टॅक्रोलिमसची गोळीही सोबत असू द्या, कॅज्युअल्टीत बसून राहण्यात तिची वेळ चुकते.